फरशीवरची फुलदाणी

माझ्या बायकोच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तेव्हा दसरा चार दिवसांवर आला होता. ऑपरेशन इथंच, रत्नागिरीत झालं. डॉक्टरांनी डोळ्यात कसलीशी हवा भरली आणि सांगितलं, आता पंधरा दिवस तोंड खाली. झोपताना पालथं, जेवताना मान वाकवून, चालताना नजर पायांकडं. हवा वर चढते, तिनं पडदा दाबून धरायचा, असं काहीतरी ते गणित होतं. डाव्या डोळ्याचं काचबिंदूनं आधीच इतकं नुकसान केलंय की त्यातून तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं. म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. "दिसेल ना?" असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "वाट बघू." मला हे उत्तर अजिबात आवडलं नाही.

पडवीतल्या कॉटच्या कडेला मी टॉवेलची चुंबळ करून ठेवली होती, डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी. तिच्यावर कपाळ टेकून ती दिवसभर फरशी बघत पडलेली असायची. पट्टी निघाली होती, पण उजव्या डोळ्याला नुसता गढूळ उजेड कळत होता. मी दर तासाला विचारायचो आणि ती दर तासाला वैतागायची. तोंड मात्र शाबूत होतं. "इतकी वर्षं तुमचा सगळा उपदेश पालथ्या घड्यावर गेला," ती म्हणायची, "आता घडा खरोखरच पालथा करून ठेवलाय, बोला काय ते."

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "अहो, या फरशीला मी तोंडपाठ झाले असेन. बागेतलं काहीतरी आणा नि फुलदाणीत घालून इथं खाली ठेवा, माझ्या तोंडासमोर."

आमच्याकडं फुलदाणी म्हणजे मुलीनं दिलेली काचेची. ती शोकेसात असते आणि तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब असतात. गुलाब काढून मी ती घासली, पाणी भरलं आणि परडी घेऊन बागेत गेलो. दहा मिनिटांत परडी भरली. जास्वंद, तगर, गोकर्ण, कोरांटी. परत येऊन फुलं फुलदाणीत घातली तर पाण्यावर नुसता गोळा झाला. एकाही फुलाला देठ नव्हता! रोज देवासाठी फुलं काढणारा माझा हात. दोन बोटांत धरायचं आणि मानेशी खुडायचं, एवढंच त्याला माहीत. देवाला देठ कशाला लागतोय?

तिनं तिरक्या नजरेनं बघितलं आणि हसायला लागली. डोकं हलेल म्हणून मी तिच्यावर ओरडलो.

"अहो, मी काय देव आहे?" ती म्हणाली. "देठासकट आणा, पाल्यासकट आणा. मला बाग बघायचीय."

ती फुलं देवाला गेली. मी कात्री घेऊन पुन्हा बाहेर पडलो आणि स्वतःच्याच बागेत परक्यासारखा उभा राहिलो. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. आतून तिच्या सूचना चालू होत्या, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा. "क्रोटन घ्या! कुंपणाच्या दगडी गडग्यावरचा नेचा घ्या, वाळला नसला तर! मोरीच्या पाण्यावर सोनटक्का असेल!" क्रोटनपाशी गेलो. हे झाड मी रोज ओलांडून जास्वंदीकडं जातो. त्याची दोन पानं एकमेकांसारखी नव्हती. एक पिवळं, त्यावर हिरवे शिंतोडे. त्याच्याच शेजारचं तांबडं, शिरा तेवढ्या गुलाबी. मी पानामागून पान उलटून बघत राहिलो, सारखी जोडी मिळेना.

तेरडा संपत आला होता. तोडायला वाकलो तर शेंगेला बोट लागलं, ती फटकन फुटली आणि बिया चष्म्यावर उडाल्या. दचकून सरळ झालो, तो बरोबर झाडाच्या वर आलो आणि खाली पाहिलं. पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी देठाभोवती फिरत गेली होती, आणि वरचं पान खालच्याच्या उन्हात येत नव्हतं. प्रत्येकानं थोडं सरकून मागच्याला जागा दिली होती. मी जन्मभर कचेरीत रांगा पाहिल्या, पण असं वागणारं कोणी पाहिलं नव्हतं. हे कोणी शिकवलं असेल त्यांना? खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. ही सगळी बाग इतकी वर्षं माझ्या पायाशी होती आणि मी परडी भरली की घरात जात होतो.

कापताना प्रत्येक वेळी हात अडखळला. शेवटी क्रोटनची फांदी, दोन नेचे, तेरडा, कोरांटी आणि सोनटक्क्याचे दोन दांडे घेऊन आलो. फुलदाणीत रचून खाली ठेवली.

"मला शेंडेच दिसतायत," ती म्हणाली. "शोकेससाठी रचलीत होय? वरून बघा."

उभं राहून वरून बघत मी सगळं बाहेरच्या बाजूला कलतं केलं, सोनटक्का मध्ये. ती चुंबळीवरून आणखी खाली वाकली, नाक फुलाला लागेपर्यंत. वास घेतला. मग हळूच म्हणाली, "काळं काहीतरी हलतंय हो."

तिचा आजार सुरू झाला तो असाच. डोळ्यापुढं काळी माशी फिरते म्हणायची, आणि पावसाळ्यात माश्या असायच्याच असं म्हणून मी तो विषय उडवून लावला होता. पडदा परत सुटला असणार. डॉक्टरांना फोन लावायला म्हणून मी वळलो.

"थांबा," ती म्हणाली. "पाकळीवरून चालतंय. आता कडेला पोचलं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, डाव्या डोळ्यावर तिनं तळहात घट्ट दाबून धरला होता. मी गुडघे टेकले, मग हात टेकले, मग सरळ तिच्या शेजारी फरशीवर पालथा झालो. सोनटक्क्याच्या पांढऱ्या पाकळीच्या कडेला एक मुंगळा मिशा हलवत उभा होता.

"आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

"आता वळला. खाली उतरतोय देठावरून. बघा, बघा."

पण मला आता पाकळीही धड दिसत नव्हती. डोळे पाण्यानं भरले होते, आणि मुंगळा कुठवर पोचला ते तीच मला सांगत होती.