मुरड

गुरांच्या रोगांवर काम करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये पेशी वाढवायचं काम ताईंकडे होतं, आणि तेही बावीस वर्षं. मोठमोठ्या पदव्यांची माणसं आली नि गेली. पेशी जगवल्या त्या ताईंनीच. एका नमुन्यात दुसरा मिसळलाय, असं एकदाही झालं नव्हतं. उगाच नाही सांगत, वह्या आहेत!

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, लाळ-खुरकत रोगाच्या विषाणूची खोडी काढली. विषाणूचा आरएनए म्हणजे अक्षरांचा लांबच लांब धागा. एका जागी तो स्वतःवरच वळतो, समोरासमोरची अक्षरं एकमेकांना धरतात आणि केसांच्या पिनेसारखी मुरड पडते. ही मुरड असली तरच नकला झपाट्याने निघतात, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून त्यांनी मुरडीच्या एका बाजूचं अक्षर बदललं. पकड सुटली, विषाणू रडतखडत वाढू लागला, साहेब खूश.

ताई तो दर दोन दिवसांनी पेशींच्या नव्या बाटलीत घालत राहिल्या. सातव्या बाटलीत मात्र एका दिवसात सगळ्या पेशी मेल्या! विषाणू पुन्हा मूळच्याच झपाट्याने वाढला होता.

साहेबांचा पारा चढला. "ताई, मूळ विषाणू मिसळलात तुम्ही यात!" सगळ्यांसमोर बोलले. वर, सोमवारपासून काचसामान धुवायला जा म्हणाले.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे, पगार तोच ना?"

"पगार तोच, पण मान?"

दुसऱ्या दिवशी ताई साहेबांपुढे उभ्या. "मूळ विषाणू मिसळला असेल, तर ते अक्षरही मूळचंच दिसेल ना? मग वाचा की! कर नाही त्याला डर कशाला?"

वाचलं. बदललेलं अक्षर तसंच होतं. पण नकला काढताना विषाणूच्या चुका होतात, त्यातल्या एका चुकीने समोरच्या बाजूचं अक्षरही बदललं होतं, आणि दोघांची जोडी जमली होती. मुरड पुन्हा पडली होती. अक्षरं कुठलीही असोत, आकार साधला की विषाणूचं भागत होतं. साहेबांना जे सिद्ध करायचं होतं, ते ताईंच्या बाटलीत आयतं झालं होतं.

साहेब एकटेच पेशींच्या खोलीत आले. हळूच म्हणाले, "ताई, चुकलंच माझं."

"ठपका सगळ्यांसमोर ठेवलात. हेही सगळ्यांसमोर सांगा."

साहेबांनी खरंच प्रयोगशाळेतल्या अकराच्या अकरा जणांना तिथेच बोलावलं. "ताईंचा हात चुकला नव्हता. मी चुकलो."

ऐकवायला ताईंनी चार वाक्यं तयार ठेवली होती, पण ती तशीच राहिली. एवढंच म्हणाल्या, "बरं, आता बाहेर व्हा सगळे. एवढ्या गर्दीत माझ्या पेशी खराब होतील."