पाण्याला हात लावण्याआधी

माझा नवरा सुट्टीवर घरी आला की पहिले आठ दिवस आमचं घर घर राहत नाही, बोट होतं. दाराशी साबण. ओट्याखाली तीन बादल्या: लालमध्ये साबणाचं पाणी, राखाडीत साधं पाणी, पांढरीत जंतू मारायचं औषध. माझं फडकं चुकून लालमधून थेट पांढरीत गेलं की सुभाष असा दचकतो, जणू मी त्याच्या कॅप्टनच्या कानाखाली वाजवली. शेजारची शालू वाटीभर साखर मागायला आली तरी हा म्हणणार, "वहिनी, आधी हात." माझ्या बहिणीने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भावजींना बोटीवर काही झालंय का गं?"

सुभाष क्रूझवर कामाला आहे. आमच्या पेणकरपाड्यात 'शिपवर आहे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा कडक युनिफॉर्म येतो. खरं सांगायचं तर तो तिथे भांडी घासायला लागला. माणूस आत बसेल एवढी पातेली. तिथून वर चढत तो आता स्वच्छतेच्या टीमचा सुपरवायझर झालाय. हजारो माणसं एकाच जहाजात, एकाच जिन्याचे कठडे धरणारी, लिफ्टची तीच बटणं दाबणारी, एकाच चमच्याने वाढून घेणारी. एकाला उलटी झाली आणि त्याने 'बोट लागली असेल' म्हणून ती लपवली, की दोन दिवसांत मजलेच्या मजले आजारी. समुद्रात दवाखाना पळून जाऊन गाठता येत नाही. म्हणून साथ यायच्या आधीच तिला दारात अडवायची, हे त्याचं काम.

एकदा ती दार ओलांडून आत आलीच. सुभाष तेव्हा नवा होता. पोटाची साथ भराभर पसरली, आणि हुकूम निघाला की प्रवाशांनी स्वतः वाढायचा चमचा उचलायचा नाही, कामगारच वाढून देतील. आणि जेवायच्या आधी प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. लोक भडकले. एवढे पैसे भरून आलोय, चमच्यालाही हात लावायचा नाही? एक आजोबा तर हातातला वाढायचा डाव सोडेचनात. तेव्हा कॅप्टन खाली उतरला. भाषण केलं नाही. रांगेत उभा राहिला, बाह्या वर केल्या, सगळ्यांसमोर साबण लावून हात धुतले आणि आपली थाळी घेऊन वाढणाऱ्यासमोर गेला. त्याच्यामागे सगळी रांग मुकाट्याने आली. साथ आटोक्यात आली.

हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मलाच त्या बोटीची पेन्शन मिळायला हवी. पण माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट सांगते. डाव कुणी धरायचा, साबण किती वेळ चोळायचा, हे सुभाष रंगवून रंगवून सांगतो. कॅप्टन रांगेत उभा राहिला, हे मात्र एका वाक्यात उरकतो.

आता मुद्द्यावर येते. आमच्या विहारात दर बुद्ध पौर्णिमेला खीरदान होतं. ते सुरू केलं सरूबाईंनी, सुभाषच्या आत्याने. त्या कोकणातून लग्न होऊन इथे आल्या तेव्हा पाड्यात भाताची खाचरं होती आणि विहार म्हणजे चार पत्रे. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या चुलीवर एक पातेलं खीर केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढली, जात न विचारता. आता आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण खीर त्यांच्याच देखरेखीखाली होते. वंदना झाली की सगळी गल्ली खाली बसून खीर-पुरी जेवते. वरच्या मजल्यावरचे गुजराती काकासुद्धा येतात, 'सरूबेन, थोडी और' म्हणतात.

गेल्या वर्षी मात्र घात झाला. मे महिन्याची काहिली. खीर सकाळीच करून ठेवलेली, वाढेपर्यंत कोमट झालेली. पाण्याच्या पिंपात प्रत्येकाचा ग्लास, प्रत्येकाची बोटं. दुसऱ्या दिवशी निम्मी गल्ली उलट्या-जुलाबांनी आडवी. आमच्या समिधाला सलाईन लावावं लागलं. सुभाष तेव्हा कुठल्यातरी थंड समुद्रात होता. मी फोनचा कॅमेरा तिच्या पलंगाकडे वळवला, तर हा धिप्पाड माणूस ढसाढसा रडला. "परक्यांच्या पोरांची पोटं सांभाळतोय इथे," म्हणाला, "आणि माझी पोरगी बघ." सगळे बरे झाले, पण सरूबाई कुणाच्या दारात जाईनात. माझ्या हातची खीर खाऊन पोरं आजारी पडली, एवढंच म्हणायच्या.

या वर्षी पौर्णिमेच्या आधी विहार समितीची बैठक झाली. अध्यक्ष नानासाहेब, बेस्टमधून रिटायर झालेले, सरळ माणूस. ते म्हणाले, "भावना सगळ्यांच्या आहेत. पण मी परत रिस्क घेणार नाही. या वर्षीपासून बिस्किटाचा पुडा वाटू. पॅकबंद. घ्यायचा आणि घरी जायचं."

सरूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला ते बघवेना, पण माझ्या आधी सुभाष उठला.

"नाना, एक चान्स द्या. जहाजावर करतोय तेच इथे करतो."

नानासाहेबांनी सरूबाईंकडे पाहिलं. "ठीक आहे. पण एकाचंही पोट बिघडलं, तर पुढच्या वर्षीपासून बिस्किटाचा पुडा. कायमचा."

झालं. सुभाषच्या अंगात कॅप्टन संचारला. खीर वंदनेनंतरच शिजवायची आणि वाढेपर्यंत गॅसवर कढत ठेवायची. वाढणाऱ्यांना ग्लोव्हज. स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांना त्याने हात जोडून सांगितलं, "कुणाचं पोट जरा जरी बिघडलं असेल तर आत्ताच बोला. लपवू नका." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग आशा खाली मान घालून म्हणाली, "मला काल जुलाब झाले, दादा. पुऱ्या मीच लाटते दर वर्षी, म्हणून बोलले नाही." सुभाषने सगळ्यांसमोर तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. "बोटीवर असं सांगणाऱ्याला आम्ही सलाम करतो," म्हणाला. "ताई, तू आता घरी आराम कर. पुऱ्या आम्ही लाटतो." आशा लाजली, पण तिची मान वर झाली. इथपर्यंत मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटत होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने तालीम ठेवली. पाण्याच्या पिंपांभोवती दोरी बांधली. दोरीच्या आत ग्लोव्हज घातलेला तो स्वतः, हातात लांब दांड्याचा डाव. माणसाने दोरीबाहेर थांबून ग्लास पुढे करायचा, तो वरून पाणी ओतणार. आणि पिंपावर त्याने स्वतःच्या हाताने, ठळक लाल अक्षरांत रंगवलेली पाटी.

सरूबाई पहिल्या आल्या. त्या मोठ्या वयात, विहाराच्या रात्रशाळेत वाचायला शिकल्या. तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचतात, दुकानाची असो नाहीतर रिक्षाची. त्यांनी ही पाटीही वाचली. एकेक शब्द सुटा करून.

"पाण्याला. कोणीही. हात. लावू. नये."

सुभाषच्या हातातला डाव तसाच वर राहिला.

"माझी आय विहिरीच्या काठाला कळशी घेऊन बसायची," सरूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उन्हात. कुणी वरचा आला, त्याला दया आली, की तो वरनं वतायचा. न्हाय आली तर तशीच घरी. मी तिच्या मांडीवर असायची. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तवा माझा आजा तिथं व्हता. त्याने पण घेतलं. आन् तू, सुभाष? माझ्या विहारात? दोरी बांधून?"

"आत्या, ते जंतूंसाठी..."

"त्यांच्याकडं बी कारण व्हतंच की."

त्या ग्लास खाली ठेवून निघून गेल्या. मागोमाग दोन-तीन म्हाताऱ्या उठल्या. नानासाहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बिस्किटंच बरी होती, सूनबाई."

सुभाष विहाराच्या पायरीवर बसला. ग्लोव्हज काढायचंही त्याला सुचलं नाही. "मी हे लिहिलं, राजश्री," म्हणाला. "माझ्या हाताने. पाटी सरळ आली का ते लांब जाऊन बघितलं. वाचलं मात्र नाही."

मला त्याची दया आली, पण रागही आला होता, आणि माझा राग दयेच्या आधी बाहेर पडतो. "तुझ्या कॅप्टनने लोकांच्या हातातला डाव काढून घेतला," मी म्हटलं, "पण आधी स्वतः रांगेत उभा राहिला. तू दोरीच्या आत उभा राहिलास."

तो उठला, दोरी सोडली, पाटी काढली आणि तिथेच तारेच्या घासणीने ती खरवडायला लागला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत थांबला नाही. नंतर आम्ही दोघं स्टेशनच्या रस्त्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेलो. तो शटर ओढायच्या तयारीत होता. "सेठ, ड्रम को लगानेवाली तोटी चाहिए. जितनी है उतनी," सुभाष म्हणाला. शेठने चष्मा वर करून विचारलं, "प्याऊ खोल रहे हो क्या?"

तिथून आम्ही सरूबाईंकडे गेलो. सुभाषने त्यांच्या पायाशी तोट्यांची पिशवी ठेवली. "आत्या, चुकलो. उद्या सगळ्या पिंपांना तोट्या असतील. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पाणी घ्यायचं. पण हात धुतल्याशिवाय तोटीला हात लावला तर परत तेच होईल, पोरं परत आजारी पडतील. हे मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. तू सांगशील?"

सरूबाईंनी एक तोटी हातात घेतली. फिरवून पाहिली, उघडली, बंद केली. "साबण किती येळ लावायचा?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमेच्या दिवशी विहाराच्या दारात हात धुवायच्या नळांची ओळ होती आणि तिच्यापाशी सरूबाई, पांढरंशुभ्र लुगडं, पदर खोचलेला. वंदना संपली, माणसं आली. सरूबाईंनी कुणालाही काही म्हणायच्या आधी स्वतः बांगड्या मागे सारल्या आणि साबण लावला. तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. सगळे बघत होते. मग ओल्या हातांनी त्या पिंपापाशी गेल्या, तोटी सोडली, ग्लास भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायल्या.

"ऐका गं बायांनो, ऐका रे," त्या म्हणाल्या. "या पाण्याला हात लावता यावा म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतलीत. ते पाणी आपलं हाय. आपल्या पाण्याला घाण हात लावायचा न्हाय. आधी धुवा, मग खुशाल लावा."

रांग लागली. पोरं दोनदा धुवायला लागली. कॉलेजातला लोकेश मोबाईल बघत नुसतीच बोटं भिजवून पुढे सरकला, तर सरूबाईंनी त्याचं मनगट धरून परत नळाखाली आणलं. गुजराती काकांनी हात धुऊन दोन्ही पंजे त्यांच्यासमोर उलटसुलट केले, "सरूबेन, पास?" त्या म्हणाल्या, "पास, पास, जाव." सुभाष रांगेत सगळ्यात शेवटी होता. दोरीच्या आत नाही, रांगेत. खीर वाफाळत आली. उरलेली सुभाषने टाकायला लावली तेव्हा सरूबाईंचा जीव तुटला, पण त्यांनी स्वतः पातेलं उलटं केलं.

मग सुरू झालं वाट बघणं. जहाजावर म्हणे साथ आली की दोन दिवसांत कळते. दुसऱ्या दिवशी फोन वाजला की सुभाष उभा राहायचा. खालच्या मजल्यावर कुणी खोकललं तरी कान टवकारायचा. मी म्हटलं, अरे, खोकला पोटाचा नसतो. समिधा मुद्दाम दर तासाला येऊन जाहीर करायची, "पप्पा, मी ठणठणीत." मला हसू यायचं आणि धाकधूकही वाटायची, कारण सरूबाई आपल्या दारात बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येक पोराला थांबवत होत्या, "बरं हाय ना रं पोट?"

तिसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब घरोघर विचारत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. आम्ही सरूबाईंकडेच जाऊन बसलो होतो. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की सुभाषचा रंगच उडाला. त्यांनी हात मागे धरले होते.

"सरूबाई," ते म्हणाले, "सगळी घरं फिरलो. एकाचंही पोट दुखलं नाही. एकाचंही." आणि मागचा हात पुढे केला. हातात बिस्किटाचा पुडा. "हा तुमच्या चहाबरोबर खायला. खीरदानाला लागणार नाही. पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही."

सुभाषने माझा हात दाबला. मी रडले, सांगायला कसली लाज. गेलं वर्षभर मान खाली घालून फिरणारी ती म्हातारी अशी ताठ बसली होती की मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. नानासाहेब पुडा फोडून तिच्या बशीत बिस्किटं ठेवायला वाकले, तर तिने बशी मागे ओढली.

"नाना," ती म्हणाली, "गल्लीभर कड्या वाजवून आलायस. आधी हात."

नानासाहेब हसले, बाह्या वर केल्या आणि मोरीतल्या नळाकडे गेले. त्यांच्यामागे सुभाष गेला, आणि सुभाषच्या मागे मी.