होडीचं पाणी, रेल्वेचं पाणी

शुद्धलेखनाच्या चुका सापडतील आणि अक्षर तर मुंग्या चालल्यासारखं आहे, त्याला वाचणाऱ्यानं रागावू नये. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही लेकीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, पण लिहिताना कोणी बघत नसतं.

मी चार वर्षं कुवेतला एका घरी कामाला होते. नवरा वारला तेव्हा लेक पाच वर्षांची. तिला रेणापूरला आईजवळ ठेवलं. एजंटाला द्यायला उमरीच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, हातातल्या पाटल्या मोडून एक लाख वीस हजार दिले. ते फिटले की त्याच महिन्यात परत यायचं, आणि तोवर यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

पहिल्याच दिवशी दुपारी तिथल्या स्वयंपाकघरात नळ सोडला, तर पाणी आलं. मी घाईघाईनं सापडेल ते भरत सुटले. पातेली, बादल्या, डबे, चहाची किटली, शेवटी काचेचे वाडगे. आमच्या लातुरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की हातातलं काम टाकून भरायचं, ही सवय अंगात मुरलेली. मालकीण आली आणि दारातच थांबली.

“हे काय केलं?” तिनं हिंदीत विचारलं.

“मॅडम, पाणी गेलं तर?”

“इथं पाणी जात नाही. ओतून टाक.”

मला ओतवेना. तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. मालकिणीची म्हातारी सासू होती. घरात सगळे तिला युम्मा म्हणायचे, म्हणजे आई. तिचा नवरा तरुणपणी खजूर घेऊन जहाजानं मुंबईला जायचा. त्याच्यामुळं तिलाही मोडकंतोडकं हिंदी येत होतं.

“ओतू नको,” ती म्हणाली. “मी नवी नवरी होऊन आले तेव्हा गोडं पाणी होडीतून यायचं. मीपण असंच भरून ठेवायची.”

“आमच्याकडं एका उन्हाळ्यात रेल्वेनं आलं होतं,” मी हळूच म्हणाले.

“रेल्वेनं? खोटारडी.”

“खरंच, युम्मा.”

“मग तू माझ्यापेक्षा श्रीमंत. माझी नुसती होडी होती.”

तेव्हापासून तिला माझ्याच हातचा चहा लागायचा. घरात माणसं सहा, गाड्या नऊ. जो तो आपल्या खोलीत जेवायचा. पूर्वी एका ताटाभोवती दहाजण बसायचे, असं युम्मा सांगायची आणि एकटीच चमच्यानं भात उकरत बसायची. मला रेणापूरची चूल दिसायची. आई भाकरी थापत असेल, लेक शेजारी बसली असेल, असं वाटत राहायचं.

चौथ्या वर्षी युम्मानं माहेरी जायचा हट्ट धरला. माहेर सौदीत, अल-हसाला. माझ्याशिवाय ती गाडीत बसेना, म्हणून माझेही कागद झाले. नातू गाडी चालवत होता. बाहेर वाळू, दूर तेलाच्या विहिरींवर जळणारा जाळ, मधेच काचेच्या भिंतींचं मोठं दुकान.

“इथून आम्ही उंटावर कितीतरी दिवस चालायचो,” युम्मा म्हणाली.

“आता दुपारच्या जेवणाला पोचू,” नातू म्हणाला.

“पोचून करायचं काय? तेव्हा वाटेत माणसं भेटायची.”

तिला लहानपणी अंघोळ करायचा तो झरा बघायचा होता. नातवानं दोनदा लोकांना विचारलं. झऱ्याच्या जागी बाग होती, मधे मोटारीवर उडणारं कारंजं. बागेतला माणूस म्हणाला, झरा केव्हाच आटला. युम्मानं कारंज्यात हात घातला आणि लगेच काढून घेतला.

“हे माझं पाणी नाही,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, “तुझी पोरगी केवढी?”

“आठ वर्षांची. आले तेव्हा पाचची होती.”

“जा घरी. मुलाला सांगून त्याच्याकडं ठेवलेला तुझा पासपोर्ट परत देते. झरा वाट बघत नाही.”

मला रडू आलं. तरी म्हटलं, “युम्मा, बहिणीचे तीस हजार राहिलेत.”

ती रागावली. गाडीत तोंड फिरवून बसली. पण पाण्याची बाटली उघडून आधी माझ्याकडं केली.

त्यानंतर मी आणखी सात महिने राहिले. फोनवर लेक आधी म्हणायची, “आई, कधी येणार हायस?” पुढं ती “बरी हाय” एवढंच म्हणायची आणि फोन आजीकडं द्यायची. ते सात महिने मला अजून टोचतात. निघताना युम्मानं माझे दोन्ही हात धरून ठेवले. दोन महिन्यांनी ती गेल्याचं कळलं. आता लातुरात नळ आला की मला ती आठवते.

परत आल्यावर लेक माझ्या आईच्या मागं लपली. मग तिला घेऊन एसटीनं उमरीला गेले. ती माझ्याशेजारी बसली, पण मधे पिशवी ठेवून.

अक्कानं तांब्या पुढं केला. “आधी पाणी पी. लई वाळलीस.”

मी तीस हजार तिच्या ओच्यात ठेवले.

“मोज की, अक्का.”

“मला काय मोजायला येतंय? पोरी, तू मोज गं. तुझ्या आईनं लई दुरून आणलेत.”

लेक पिशवी बाजूला सारून माझ्याजवळ सरकली. बोटाला थुंकी लावून तिनं एकेक नोट मोजली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “आई, बरोबर हायेत. सगळे फिटले.”