पाच मिनिटांनंतरची रेघ

चहाच्या प्लास्टिकच्या कपावर स्केचपेननं माझं नाव लिहिलं होतं. रेक्टरबाईंनी नाकाला पदर लावून तो माझ्याकडे सरकवला. “भर. आन् दार उघडंच ठेव.”

उमरग्याच्या आमच्या नर्सिंगच्या वसतिगृहात सुट्टीवरून परतलेल्या मुलींचं असं स्वागत व्हायचं. सगळ्यांचं नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आम्हा पाच जणींचंच. बाकीच्या मुली पिशव्या घेऊन थेट खोलीत. माकणीहून आलेली एकोणीस वर्षांची मी, संडासाचं दार उघडं ठेवून बसले. होईना, म्हणून बाईंनी दोन तांबे पाणी पाजलं. किळस आली. बाईंची आली, कपाची आली, आणि मुकाट बसलेल्या माझी सगळ्यात जास्त.

गर्भचाचणीच्या पाचही पट्ट्या बाईंनी खिडकीत ओळीनं मांडल्या आणि जेवायला गेल्या. तासाभरानं ढेकर देत आल्या. माझ्या पट्टीवर लाल रेघेशेजारी दुसरी उमटली होती. राखाडी, पुसट. बाईंनी लगेच माझ्या वडिलांना, दादांना, फोन लावला.

दादा बांधकामावरून तसेच मोटरसायकलवर आले. हातापायाला सिमेंट. बाईंनी त्यांना बस म्हटलं नाही. पट्टी त्यांच्या तोंडासमोर नाचवली. “घेऊन जा हिला. तुमच्या लोकांत चालत असंल असलं.”

दादांनी हात जोडले. “बाई, पोरीचं वरीस वाया घालू नका.”

ते जोडलेले हात बघून माझं डोकं फिरलं. किटमधला कागद टेबलावरच पडला होता. तो उचलून मोठ्यानं वाचला. पाळी चुकल्यावर चाचणी करावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी. निकाल पाच मिनिटांत बघावा, नंतर दिसलेली रेघ धरू नये.

“बाई, माझी पाळी चुकलेलीच न्हाय. पाणी पाजपाजून काय तपासता? आन् पट्टी वाळल्यावर अशी रेघ दिसती. वर्गात हेच शिकवतेत आमाला.”

बाईंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. नवा कप पुढं केला. “मग उद्या सकाळची दे. कळंल खरं-खोटं.”

“दे की गं,” दादा हळूच म्हणाले. “एकदाचं मिटंल.”

मिटलं असतं. निकाल काय येणार, मला ठाऊकच होतं. तरी मी तो कप मुठीत चुरगाळला. “न्हाय देणार. उद्या न्हाय, कधीच न्हाय. काढायचंच असंल तर कारण लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं नाही, मला काढलंही नाही. माफीही मागितली नाही. प्लास्टिकच्या कपातला चहा आजही माझ्या घशाखाली उतरत नाही.

आता मी उपकेंद्रात नर्स आहे. पाळीला दोन दिवस बाकी असताना सासवा सुनांना दंडाला धरून आणतात. सासूला मी बाहेर बसवते आणि सुनेला सांगते, तारीख उलटू दे, आठवडाभर थांबलीस तर आणखी खात्री. सकाळची पहिली लघवी घे. घड्याळ लाव. पट्टी तू स्वतः बघ. लघवी कुणी कितीही मागितली, तरी तुझ्या मनात नसेल तर द्यायची नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही. मलासुद्धा नाही.