बागेत आलेली हाक

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. पोरीला नाही, जावयाला नाही, देवालाही नाही – देवळात जातो, पण तिथं गेलो की दुसरंच काहीतरी मागून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि काल जे झालं त्यानंतर पोटात ठेवणं जमेना.

काल शेजारच्या कमलाबाई धाकट्या लेकाचं नवं जोडपं घेऊन आल्या. लग्नाला आठ दिवस झालेले. नव्या जोडीला चार थोरामोठ्यांच्या पाया पडायला नेतात, त्यात नवल नाही. पण दारातच त्या सुनेला म्हणाल्या, "बघून घे गं नीट. नवरा-बायकूनं असं ऱ्हावं." मी लुंगीवर, हातात शालनचं तोंड पुसायचं फडकं. कुठं तोंड लपवू असं झालं मला. पण मी काय केलं? हसलो. दोघांच्या डोक्यावर हात ठेवला.

शालन माझी बायको. दोन वर्षं झाली, तिचा उजवा हात-पाय गेलाय. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं मी करतो. गल्लीत माझं लई कौतुक आहे. बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात म्हणे. ते कौतुक मी दोन वर्षं गुपचूप खातोय.

थांबा, आधी माझं काम सांगतो. तुम्हाला वाटेल, कामाचा काय संबंध? आहे. मी पाणी सोडायचं काम केलं, बत्तीस वर्षं. चावीवाला म्हणतात आम्हाला. सायकलीला लांब लोखंडी चावी बांधायची, गल्लोगल्ली जाऊन व्हॉल फिरवायचा, या पेठेचं पाणी बंद, त्या पेठेचं चालू. सोलापुरात पाणी चार-पाच दिसांनी येतं, तेव्हा चावीवाल्याला काय मान असतो आणि काय शिव्या असतात ते विचारू नका. दिवसभर मागनं हाका. अंबादास, आमच्याकडं दहाच मिनिटं आलं की! अंबादासभाऊ, कवा सोडणार? प्रत्येक हाकेला वळलो असतो तर एकही पेठ भरली नसती. म्हणून मी शिकलो – हाक आली की मान ताठ ठेवायची आणि पायडल मारायचं. ऐकू येत नाही असं नाही. ऐकू येतं, पण वळायचं नाही.

सगळं गाव मला नावानं हाका मारायचं. एकटी शालन सोडून. तिनं माझं नाव घेतलं ते उखाण्यात, लग्नात आणि पुढं कुणाच्या हळदीकुंकवाला, तेही पदर तोंडाला लावून. रेशन कार्डाच्या खिडकीवर बाईनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं – तूच सांग की गं. एरवी नुसतं 'अहो'. मला त्याचा अभिमान होता. आता लाज वाटते, पण तेव्हा होता.

आमच्या खात्यातल्या एकाची बायको नोकरी करणारी. ती त्याला सगळ्यांदेखत नावानं बोलवायची. आमच्यातल्या सिद्रामनं – हा पंपहाऊसवरचा, जिभेला हाड नाही – त्या गड्याचं नाव लाडोबा पाडलं. रिटायर होईपर्यंत ते पुसलं गेलं नाही. बायकोनं बोलावलं, जा लाडोबा. असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं.

तर, बाग. मी रिटायर झालो आणि शालननं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. "एक दिस बागेत जाऊ की. काम न्हाय, काय न्हाय, नुसतं फिरायला." चौतीस वर्षांत मी तिला कुठं नेलं होतं? दवाखाना, माहेर, कुणाची मयत. मी म्हटलं, चल.

थंडी सरत आलेली. रेश्मानं, म्हणजे आमच्या पोरीनं, दिवाळीला तिच्या सासरच्या टेंभुर्णीवरनं आणलेली मोरपंखी साडी ती नेसली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्याचा डबा. रिक्षानं किल्ल्याजवळच्या बागेत गेलो. खरं सांगू का? मला तो दिवस लई आवडला होता. तिनं चपला काढल्या आणि गवतावरनं चालली, हळू, एकेक पाऊल टाकत. एका झाडाचं नाव पाटीवर होतं, ते तिनं अक्षर लावून लावून वाचलं आणि म्हणाली, हे तर आमच्या कुंभारीच्या शाळेत हुतं. लिंबाखाली जेवलो. जेवताना म्हणाली, हाताला मुंग्या यायल्यात. मी म्हणालो, जन्मभर भाकऱ्या थापल्यावर दुसरं काय येणार? ती हसली. मीही हसलो.

मग मी म्हटलं, अजून एक चक्कर मारू. आता इथं मला दम घ्यावा लागतोय.

मी पुढं, ती मागं. चालताना आमचं असंच असायचं. मेंदीच्या कुंपणाला वळसा घालून मी पलीकडं आलो, तर बाकावर सिद्राम बसलेला. बरोबर खात्यातलेच दोघं. "अंबादास, इकडं कुटं?" मी म्हणालो, आलो आपला पाय मोकळं करायला. बरोबर बायको आहे हे सांगितलं नाही. का नाही? ह्या वयात बायकोला घेऊन बागेत फिरतो, पोराटोरांसारखा – ते बोलले असते. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी शोधलंय, सापडलं नाही.

कुंपणापलीकडनं आवाज आला, "अहो." पुन्हा, "अहो." अहो ही हाक काय, कुणाचीही असते. मी बसलो.

आणि मग – "अंबादास."

चौतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते भर बागेत, भर दुपारी, सिद्रामच्या देखत झालं होतं. तिला झालं काय? वेड लागलं? हे माझ्या मनात आलं, पण काळजीनं नाही. रागानं आलं.

दुसऱ्यांदा आली, "अंबादास." सिद्राम म्हणाला, "तुला कोन बाई बोलवायलीय रं?"

मी म्हणालो, "मला न्हाय. अंबादास काय एकच हाय व्हय सोलापुरात?"

ते त्यांना पटलं. बायको कशाला नावानं हाक मारेल? तिसऱ्यांदा हाक आली ती अर्धीच, "अंबा –". शेवट आलाच नाही. मी सिद्रामकडनं तंबाखू मागून घेतली.

मला आवाज ओळखू आला नाही, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. पहिल्या 'अहो'लाच आला होता. चौतीस वर्षं ज्या आवाजानं उठलो तो ओळखू येणार नाही का? मी ठरवलं होतं – बसू दे जरा एकटीला. कळू दे, चार माणसांत नवऱ्याचं नाव घेतल्यावर काय होतं ते. आणि मी घड्याळावर पाणी सोडणारा माणूस, त्यामुळे साधारण किती वेळ, असं माझ्याबाबतीत नसतं. मी घड्याळ बघितलं होतं. पंचवीस मिनिटं मी त्या बाकावर बसलो. नव्या पाइपलाइनीवर बोललो. सिद्रामच्या एका विनोदाला हसलोही.

मग शेंगा विकणारी एक बाई कुंपणाला वळसा घालून पळत आली. टोपली नव्हती तिच्याकडं. आमच्या चौघांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्यात अंबादास कोन हाय?"

मी गप्प बसलो. तेव्हाही. सिद्रामनं माझ्याकडं बोट दाखवलं.

शालन मेंदीच्या बुडाशी पडली होती. तोंड एका बाजूला गेलेलं. मोरपंखी पदर मातीत, एक चप्पल पायात, एक नाही. डोळे उघडे, आणि ते माझ्यावर लागलेले. मी तिची दुसरी चप्पल शोधत बसलो. लोक तिला उचलत होते आणि मी चप्पल शोधत होतो.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कधी झालं? मी म्हणालो, आत्ताच, पडल्यावर पाच-सात मिनिटांत उचलून आणली. हातात घड्याळ असून मी हे बोललो. रेश्मा टेंभुर्णीहून धावत आली. पप्पा, आईनं हाक नाही का मारली? मी म्हणालो, मारली असंल गं, मला कळलीच नाही, तिनं जन्मात कधी माझं नाव घेतलं नव्हतं. सिद्रामनंही तेच सगळ्यांना सांगितलं – बिचाऱ्याला कसं कळणार? माझ्या बाजूनं तो अजून सांगतो. ती पंचवीस मिनिटं नसती तर तिचा हात वाचला असता का, वाचा वाचली असती का? डॉक्टरला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलेलं नाही.

नवव्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. रेश्मा उशाशी, नर्स सलाईन बदलत होती. शालननं ओठ हलवले आणि स्वच्छ म्हणाली, "अंबादास."

रेश्मा रडायला लागली, आनंदानं. नर्स हसली. मी कॉटचा गज धरला. आम्हाला वाटलं आता बाकीचं येईल. आलं नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एकच शब्द राहतो, आणि प्रत्येक गोष्टीला तोच येतो. तिला तहान लागली की अंबादास. पाठ दुखली की अंबादास. रेश्माच्या पोराला जवळ घेते तेव्हाही अंबादासच. चौतीस वर्षं जे नाव तिनं तोंडात येऊ दिलं नाही, तेवढंच तिच्याकडं उरलंय. गल्ली म्हणते, काय प्रेम आहे.

तिला तो दिवस आठवतो का? कुंपणापलीकडनं माझं बोलणं तिला ऐकू गेलं होतं का – मला न्हाय, असं म्हणालो ते? एकदा धीर करून तिच्यापुढं बसलो. म्हटलं, शालन, त्या दिवशी बागेत – आणि तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "अंबादास." यावरनं मी काय समजायचं? पाणी पाहिजे का, विचारलं. भांडं दिलं. ती प्याली.

काल ते नवं जोडपं चहा पीत होतं आणि आतनं हाक आली. मी लगेच उठलो, पहिल्याच हाकेला. उशी नीट करून बाहेर आलो तर ती नवी पोरगी गालात हसत होती. धीट आहे. म्हणाली, "काका, काकू तुमाला नावानं कवापासनं हाक मारत्यात?"

सगळे हसले. मी म्हणालो, आजारी पडल्यापासनं, दवाखान्यातनं.

दवाखान्यातनं नाही. बागेतनं. तिथं तीनदा मारली होती, आणि तिन्ही वेळा मला ऐकू आली होती.