बाबांच्या पायाचं पत्रक

आमच्या घरात काही मागायचं तर एका पानाचं पत्रक काढावं लागे. सायकल हवी, पत्रक. सहलीला जायचंय, पत्रक. बाबा लाल पेनने ते तपासत आणि पटलं तरच हो म्हणत. पनवेलच्या एसटी स्टँडवर जडीबुटीवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटण्यात त्यांची उमर गेली. तशीच वाटताना जवळच्या नेरे गावात पायात खिळा घुसला आणि मधुमेहामुळे जखम चिघळली.

जखमेच्या तपासणीच्या रिपोर्टात अँटिबायोटिक्सची लांब रांग होती. जंतू एकालाही दाद देत नव्हते. सर्जन म्हणाले, "काका, पाय घोट्यापासून काढावा लागेल. थोडे दिवस थांबू, फार नाही."

मी घरात येरझाऱ्या घालत मोबाइलवर वाचत होते. फेज नावाचे विषाणू माणसाला सोडून फक्त जिवाणूंना मारतात. गटाराच्या पाण्यातही सापडतात. जॉर्जिया देशात जखमेतल्या जिवाणूला मारणारा नेमका फेज शोधून त्याचं औषध देतात. इथे ते मिळत नव्हतं, जखमेचा नमुना तिकडे पाठवावा लागणार होता. तिकडे जे सर्रास वापरतात ते इथे कुणाला धड माहीतही नाही, याचाच मला संताप येत होता.

बाबा म्हणाले, "गटारातलं औषध? स्टँडवरचा जडीबुटीवाला हेच बोलला असता तर मी त्याला सोडलं असतं का?"

"तो कधी पुरावा दाखवतो का?"

"मग तू दाखव. एका पानात."

"पाय चाललाय आणि ह्यांना पत्रक हवंय," आई भांडी आपटत म्हणाली.

मी रागारागाने एका बैठकीत लिहिलं. बाबांनी पाय उशीवर ठेवून लाल पेन उचललं. 'जखम बरी होते' खोडून 'बरी होऊ शकते' केलं. 'औषध कंपन्यांचं कारस्थान' हा अख्खा परिच्छेद उडवला.

"पुरावा?"

नव्हता. मी तणतणत पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल.

शेवटी त्यांनी स्वतःच खाली एक ओळ वाढवली: 'औषध येण्याआधी ताप चढला तर वाट न पाहता पाय कापावा.'

"ही कशाला?"

"हिच्याशिवाय पत्रक खोटं आहे. ही ठेवून सर्जनना दे, मग पाठव नमुना."

मी कॉम्प्युटरवर सगळं टाइप केलं. त्या ओळीपाशी बोटं थांबली.

"झालं का गं?" आतून बाबांनी विचारलं.

मी उठले, त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि परत येऊन ती ओळ टाइप केली.