डब्यातल्या तीन चिठ्ठ्या

गोरेगावच्या बाजारात अनुसयाबाईनं शिवलेल्या ब्लाउजला तोड नव्हती, आणि तिच्या जिभेलाही नव्हती. माप घेताना ती गिऱ्हाइकाला सरळ सुनवायची, "श्वास सोड गं, पोट आत ओढून मला काहून फसवतीस?" बायका हसायच्या, चिडायच्या आणि पुढच्या सणाला पुन्हा तिच्याकडंच यायच्या. वय सत्तेचाळीस, लग्न झालेलं नाही. घरात ती, तिची पायानं चालवायची मशीन आणि म्हातारी आई गोजरबाई. गोजरबाई कानानं अधू होती, पण जे ऐकायचं ते तिला बराबर ऐकू यायचं.

घरामागं पत्र्याचं शेड होतं. तिथं ख्रिस्ती मंडळी जमायची. जेमतेम वीस घरं, एक पेटी, एक ढोलकी आणि सेनगावहून मोटरसायकलवर येणारे पाळकसाहेब. या मंडळीत अनुसयाबाईचा मान मोठा, कारण प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांचा डबा तिच्या ताब्यात असायचा.

हा डबा कसा आला ते आधी सांगायला पाहिजे. पूर्वी गुरुवारच्या प्रार्थनासभेत ज्याचं जे दुखणं ते तो उभा राहून सांगायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं आपल्या मूळव्याधीसाठी प्रार्थना मागितली. दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार त्याला "बसता का काका, खुर्ची आणू?" म्हणून विचारायला लागला. बिचारा महिनाभर बाजारात फिरकला नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी नियम केला. विनंती कागदावर लिहायची, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, आणि नाव कोणाचंच घालायचं नाही, ना आपलं, ना दुसऱ्याचं. "देवाला नावं ठाऊक हायेत," ते म्हणाले. अनुसयाबाईनं चिठ्ठ्या वाचायच्या आणि मंडळीनं मान खाली घालून प्रार्थना करायची. अक्षरावरून कोणाची चिठ्ठी हे तिला कळायचंच, पण सहा वर्षांत तिनं त्यातला एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता.

अशा या बाईनं चिठ्ठी चोरली. एक नाही, तीन चोरल्या. आणि याला कारण भिवाजी.

भिवाजी गोरेगाव ते सेनगाव जीप चालवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी अनुसयेचा आणि त्याचा साखरपुडा ठरला होता. मांडव घातला, पाहुणे जमले, साखर वाटायची तेवढी राहिली होती. आणि नवरदेव आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून, झुलत. पाळकासमोर त्यानं अशी एक लावणी म्हटली की बायकांनी पदर तोंडाला लावले. अनुसयेनं साखरेचा पुडा उचलला, त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "पुन्यांदा तोंड दाखवू नको." त्यानंही ते खरं केलं. ट्रकवर गेला, आंध्रापर्यंत भटकला, पीत राहिला. तिला दोन-तीन स्थळं आली. एकाचं नाक वाकडं, एकाची आई वाकडी, असं म्हणत तिनं सगळी मोडली. खरं काय होतं ते तिनं मशीनलासुद्धा सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी भिवाजी परत आला. दारू सुटलेली, केस पांढरे झालेले. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात उतरून त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि वर येऊन लेकरासारखा रडला. सगळी मंडळी रडली. काठावर उभ्या अनुसयाबाईचा मात्र तिळपापड झाला. तेव्हा माझ्यापायी सुटली असती तर? माझ्यासाठी एक दिवस सोडली न्हाई या बाबानं, आणि देवासाठी कायमची सोडली! तिला प्रत्यक्ष देवाचा हेवा वाटला, आणि असा हेवा वाटतो याची लाज वाटून आणखी राग आला.

तेव्हापासून तो तिला "सलाम, अनुसयाबाई" म्हणायचा आणि ती "हं" म्हणायची. चार वर्षांत त्यांचं बोलणं एवढंच.

हेही चाललं असतं. पण गेल्या दिवाळीनंतर शिवकन्या गावात आली. सेनगावच्या एका दवाखान्यात नर्स, नवरा वारून सहा वर्षं झालेली, वय चाळीस, आणि हसणं असं की जीप वळणावर असतानाच ते बाजारात ऐकू यायचं. रोज सकाळी ती भिवाजीच्या जीपमध्ये बसायची, तेही पुढं, डायव्हरशेजारी. मागं माणसं मेथीच्या जुड्यांसारखी कोंबलेली, आणि ही बया पुढं ऐसपैस! दुकानाच्या दारातून अनुसयाबाईला रोज पावणेनऊला हा देखावा दिसायचा. न बघायचं ठरवून ती रोज पावणेनऊला दारात यायची.

"काय बघून राहिलीस?" गोजरबाई विचारायची.

"दोरा बघून राहिले, उजेडात."

"दोरा लई हसतो बाई," म्हातारी म्हणायची आणि पान लावायला घ्यायची.

एक दिवस शिवकन्या ब्लाउज शिवायला आली. आकाशी कापड, रविवारी घालायचा होता. "ताई, असा शिवा की बघणाऱ्यानं बघतच राहावं," असं म्हणून ती खळखळून हसली. आता कोण बघणारा, हे अनुसयाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं माप चोख घेतलं आणि शिवताना दोन्ही काखांतले मुंढे अर्धा अर्धा इंच आत घेतले. बावीस वर्षांच्या धंद्यात तिनं असं कधी केलं नव्हतं. रविवारी सगळी मंडळी हात वर करून गीत गात होती आणि शिवकन्या कोपरं कमरेला चिकटवून उभी होती. हात वर गेला असता तर शिवण गेली असती. अनुसयाबाईनं त्या दिवशी गीत फार मोठ्यानं म्हटलं. घरी येऊन मात्र तिला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात ती चिठ्ठी आली.

गुरुवारी पाच वाजता सभा असायची. त्याआधी ती घरी बसून चिठ्ठ्या उलगडायची, म्हणजे वाचताना अडखळायला नको. एकाला बोअरला पाणी पाहिजे होतं, एकीच्या सुनेला दिवस राहायला पाहिजे होते. तिसरी चिठ्ठी डिझेलच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेली होती, कडेला काळा अंगठा उमटलेला. अक्षर न ओळखायला काय झालं, भिवाजीनं जीपच्या काचेवर हातानं लिहिलेलं 'गोरेगाव-सेनगाव' तिला रोज दिसायचं.

'लग्नाचा विचार आहे. तिला विचारायची हिंमत होत नाही. तिचं मन माझ्याकडं वळावं म्हणून मंडळीनं प्रार्थना करावी.'

अनुसयाबाईनं ती दोनदा वाचली. म्हणजे आता मी वाचायचं! माझ्या तोंडानं! मी वाचणार, मंडळी डोळे मिटणार, देव ऐकणार आणि त्या हसऱ्या बाईचं लग्न लागणार. वर ब्लाउज मीच शिवायचा! तिनं पावतीची घडी घातली आणि टेप ठेवायच्या पिशवीत कोंबली. सभेत तिनं बोअर वाचला, सून वाचली आणि खाली बसली. भिवाजी मान खाली घालून वाट बघत होता. प्रार्थना संपली तरी त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा डिझेलची पावती, पुन्हा तेच शब्द. तीही पिशवीत गेली. तिसऱ्या गुरुवारी तिसरी. त्या पिशवीत आता हात घालायचीही तिला भीती वाटू लागली. माप घ्यायला टेप काढावा तर आधी कागद हाताला लागायचा. तिची प्रार्थना तर पार आटली. डोळे मिटले की देवाच्या आधी पावती दिसायची.

चौथ्या गुरुवारी डब्यात भिवाजीची चिठ्ठी नव्हती. तिला हायसं वाटलं. सुटले बाई, तिनं मनात म्हटलं. पण सभेत चिठ्ठ्या वाचून झाल्यावर भिवाजी स्वतःच उभा राहिला.

"पाळकसाहेब, सोमवारी मी पुण्याला चाललो. एका कंपनीत डायव्हरची जागा हाय. जीपला गिऱ्हाईक बी लागलं. माझ्या प्रवासासाठी प्रार्थना करा."

"असं एकाएकी काहून, भिवाजीबंधू?"

"एक गोष्ट मागितली होती मी डब्यात. एकदा न्हाई, तीनदा. वाचलीच गेली न्हाई." तो कोणाकडंच न बघता बोलत होता. "आपला डबा काय खोटं बोलतो का? मंग मी समजलो. देवाच्या मनात न्हाई ते. पहिलं मी लई नासधूस केलेली हाय, तवा ते बी बराबरच हाय."

पहिल्या क्षणी अनुसयाबाईला आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं? शिवकन्येला तर नाही मिळाला! पण तो आनंद घोटभर पाण्याइतकाही टिकला नाही. हा माणूस चालला होता. सोमवारपासून दारात उभं राहिलं तरी ती जीप दिसणार नव्हती, पुढच्या सीटवर कोणी का बसलेलं असेना. आणि जाताना तो असं समजून चालला होता की देवानं त्याला तोंडावर नाही म्हटलं. देव तर काहीच बोलला नव्हता. जी बोलली नाही ती अनुसया होती.

ती उठली. टेपची पिशवी तिनं चटईवर उलटी केली. टेप पडला, खडू पडला आणि तीन पावत्या पडल्या.

"देवानं न्हाई नाकारलं," ती म्हणाली. "मी दाबून ठेवल्या. मला बघवत नव्हतं म्हून. डबा खोटं बोलला न्हाई, मी बोलले." मग तिला वाटलं, आता उघडंच पडायचं तर पुरतं पडावं. "आन शिवकन्येच्या ब्लाउजचा मुंढा मी मुद्दामहून घट्ट शिवला."

"अगं बाई!" शिवकन्या ओरडली. "आन मी समजले मी जाड झाले! दोन आठवडे संध्याकाळची भाकर सोडली ना मी!"

कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. शेवटी ते म्हणाले, "अनुसयाबाई, प्रार्थना तुमी अडवली, तवा आता ती तुमीच करा. मोठ्यानं."

याच्यापेक्षा त्यांनी डबा काढून घेतला असता तर बरं झालं असतं. पण तिनं डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

"प्रभू येशू," ती म्हणाली, "या भिवाजीनं लई वंगाळ दिवस काढले, आन मला बी काढायला लावले. तू त्याला सुधरवलंस. मला त्याचा बी राग होता, ते तुला ठाऊक हाय. आता त्याला घर दे. त्याला पुण्याला जाऊ देऊ नको, तिथं त्याचं कोण हाय? शिवकन्या चांगली बाई हाय. हसती लई, पण चांगली हाय. तिचं मन याच्याकडं वळव. आन माझ्या जिवात जी आग जळून राहिली ती तूच विझव, माझ्याच्यानं विझत न्हाई. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," मंडळी म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा सगळे भिवाजीकडं बघत होते. त्याचे ओठ मिटलेले होते.

"भिवाजीबंधू, आमेन म्हणा," पाळकसाहेब म्हणाले.

"म्हणणार न्हाई, साहेब."

"काहून?"

"प्रार्थनेत नाव चुकलंय." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मीच घातलं न्हाई नाव. नियम होता ना."

शिवकन्येनं कपाळाला हात लावला. "कसलं माझं मन वळवता ताई! रोज सकाळी सेनगाव येईस्तोवर हा माणूस मला एकच इचारतो, अनुसयाबाईचा राग गेला का, तुमाला काही बोलली का. त्यासाठीच पुढं बसवतो मला! माझे कान किटले. मीच म्हणलं, मला नका इचारू, डब्यात टाका."

बाहेरच्या जीपवर कोंबडी फडफडली. चार महिने ती ज्या बाईवर जळत होती, ती बाई ती स्वतःच होती. हसावं की रडावं? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि खाली पडलेल्या पावत्या गोळा केल्या. एक, दोन, तीन. तिन्ही वेळा त्यानं तिलाच मागितलं होतं.

"बाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "प्रार्थना दुरुस्त करायला लागेल. पण तुमची मर्जी असंल तरच."

तिनं भिवाजीकडं बघितलं. पंचवीस वर्षांपूर्वी तो झुलत उभा होता. आज तो सरळ उभा होता. तिनं डोळे मिटले.

"प्रभू," ती म्हणाली, "अनुसयेचं मन..."



"वळव म्हणू नको गं!" मागच्या चटईवरून गोजरबाईचा आवाज आला. "ते वळलेलंच हाय कवाचं. देवाला उगं कामाला काहून लावतीस?"

सगळं शेड हसलं. शिवकन्या तर असं हसली की अंगातल्या आकाशी ब्लाउजचा उजवा मुंढा टर्रकन उसवला.

"आमेन!" भिवाजी म्हणाला, पेटीवरची धूळ उडावी एवढ्या मोठ्यानं.

"थांबा की जरा," अनुसयाबाई डोळे न उघडता खेकसली. गालांवरून पाणी ओघळत होतं. "देवाशी बोलून राहिले ना मी."